यंत्राचा आकडा आणि मनगटाची नाडी



आमच्या गुरुकुंज मोझरीत होडी वल्हवणारा मनुष्य सहसा आढळणार नाही. परंतु बसल्या जागी वल्हे ओढण्याचे यंत्र, म्हणजे रोइंग मशीन, एका घरी येऊन पोचले आहे. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने ते आपल्या बहात्तर वर्षांच्या वडिलांसाठी पाठवले. गुरुजी निवृत्त शिक्षक. पहाटेचे ध्यान आणि त्यानंतरची रपेट कधी न चुकवणारे. गुडघ्यांमुळे रपेट आखडली, म्हणून हे यंत्र.

मुलाने यंत्राच्या छोट्या संगणकात वडिलांचे वय भरून दिले. पडद्यावर नाडीची मर्यादा उमटली: ८९ ते १०४. गुरुजींनी कितीही ओढले तरी आकडा ८० च्या आसपासच घुटमळे. ‘‘मशीन तर मले आळशीच समजते ना!’’ असे म्हणत ते दररोज अधिकाधिक जोर लावू लागले. आठव्या दिवशी यंत्राच्या बुटक्या बैठकीवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सूनबाई जवळच होत्या, म्हणून पडणे टळले.

दोष गुरुजींचा नव्हता आणि यंत्र बिघडलेही नव्हते. रक्तदाबासाठी ते रोज घेत असलेली गोळी नाडीची गती वाढू देत नव्हती, आणि यंत्राला ती गोष्ट ठाऊक असणे शक्य नव्हते.

यंत्राची मर्यादा कोठून येते?

बहुतेक यंत्रे एकच सोपे गणित करतात. २२० मधून वय वजा केले की नाडीची कमाल गती मिळते, असे ते मानतात. बहात्तराव्या वर्षी ती १४८ येते. तिचे साठ ते सत्तर टक्के म्हणजे ८९ ते १०४. परंतु ही सरासरी आहे. २००१ साली पुढे आलेल्या दुसऱ्या सूत्राप्रमाणे, २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा केल्यास, त्याच वयाला सुमारे १५८ हा आकडा येतो. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सर्वसाधारण होय. मग यंत्राने काढलेल्या रेषेला लक्ष्मणरेषा का मानावे?

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशा बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या, तसेच डिल्टियाझेम व व्हेरापॅमिल ही औषधे नाडी मंद ठेवतात. ती घेणाऱ्याने यंत्राची मर्यादा गाठण्याचा अट्टहास करू नये. आणि आकडा वाढावा म्हणून गोळी तर मुळीच बंद करू नये. आपल्यासाठी योग्य मर्यादा कोणती, हे गोळ्यांची यादी दाखवून डॉक्टरांनाच विचारावे. ज्यांची नाडी अनियमित चालते किंवा ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी यंत्रावर बसण्यापूर्वीच हा सल्ला घ्यावा.

पडद्यावरील इतर आकडे

ही यंत्रे मुळात खेळाडूंसाठी घडली. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या पाण्याची टंचाई सोसणाऱ्या गावचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरले. अशा खेळाडूस मिनिटाला किती ओढी झाल्या, किती मीटर अंतर कापले, याचा हिशेब लागतोच. आपल्याला मात्र वेळ आणि ओढींची गती एवढे दोनच आकडे पुरेत. मिनिटाला अठरा-वीस ओढी पुष्कळ झाल्या. उष्मांकांचा आकडा केवळ अंदाज असतो. पुष्कळशा घरगुती यंत्रांना आपले वजनही माहीत नसते. प्रतिरोधाचा खटका खालच्या अंकावर ठेवावा.

कानाला लावायची चिमटी प्रकाशाच्या साह्याने नाडी टिपते. कान गार असला किंवा तार हलली की ती चुकते. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत्-संकेत टिपतो. त्याचा आतील भाग किंचित ओला करून लावल्यास तो अधिक विश्वसनीय ठरतो. आकडा एकाएकी दुप्पट किंवा निम्मा झाला, तर थांबून आपल्या बोटांनी पडताळा घ्यावा.

बोटांनी नाडी मोजावी

मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे हलकेच टेकवावीत. दुसऱ्या हाताचा अंगठा वापरू नये. त्याची स्वतःची नाडी गोंधळ घालते. विश्रांतीच्या वेळी तीस सेकंद मोजून दुप्पट करावी. ठोके चुकल्यासारखे वाटल्यास पूर्ण मिनिट मोजावे. व्यायाम थांबताच नाडी झपाट्याने उतरते, म्हणून तेव्हा पंधरा सेकंद मोजून चौपट करावी.

याहूनही सोपी कसोटी बोलण्याची आहे. ओढताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हाच मध्यम श्रम. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्यास किमान १५० मिनिटे असाच मध्यम व्यायाम सुचवते. आरंभ पाच मिनिटांनी करावा आणि हळूहळू वाढवावा.

ओढताना आधी पाय ताणावेत, मग पाठ किंचित मागे न्यावी, शेवटी हात पोटाकडे आणावेत. परतताना क्रम उलटा. गुडघे दुखत असल्यास बैठक पूर्ण पुढे नेऊ नये. शेवटची दोन-तीन मिनिटे अगदी सावकाश ओढावे, थोडा वेळ बसून राहावे आणि आधार धरूनच उठावे. आपल्या वऱ्हाडातील वैशाखात त्याच श्रमाला नाडी अधिक धावते; त्या दिवसांत पहाटेची वेळ गाठावी आणि पाणी पुरेसे प्यावे.

घरच्या मंडळींसाठी

यंत्र भेट देणाऱ्याने बाबांचे वय भरावे, तशी त्यांच्या गोळ्यांची यादीही पाहावी. ‘‘आज किती झाले?’’ असे विचारण्यापेक्षा ‘‘आज कसे वाटले?’’ असे विचारावे. एका वहीत तारीख, विश्रांतीची नाडी, व्यायामाची मिनिटे, थांबतानाची नाडी आणि एका मिनिटानंतरची नाडी लिहावी. तुलना कालच्या स्वतःशी करावी, शेजाऱ्याशी नव्हे. तेवढ्याच श्रमाला, औषध तेच असताना, काही आठवड्यांनी नाडी कमी धावू लागली, तर प्रगती झाली असे समजावे. छातीत दुखणे, दम कोंडणे, घेरी येणे किंवा धडधड न थांबणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्क्षणी थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गुरुजींच्या डॉक्टरांनी त्यांची तपासणी करून त्यांना यंत्रावर बसण्यास पुन्हा परवानगी दिली. त्यांच्या यंत्राच्या पडद्यावर आता सूनबाईंनी नाडीच्या आकड्यापुरती कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. ते दहा मिनिटे ओढतात, सूनबाईंशी बोलत राहतात, मग मनगटावर बोटे ठेवून मोजतात आणि वहीत लिहितात. मुलाचा फोन आला की वहीच वाचून दाखवतात.

आपल्याही घरी असे यंत्र असेल, तर आज एवढेच करावे: ते सुरू करण्यापूर्वी शांत बसून स्वतःची नाडी एकदा बोटांनी मोजून पाहावी.