टायरची निवड कोणाची?

गाडीचे टायर झिजले की खासगी मोटारीचा मालक आणि टॅक्सीचालक हे दोघेही एकाच दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात. दुकानदार दोघांनाही एकच प्रश्न विचारतो, "कोणते देऊ?" प्रश्न एक असला, तरी त्याचा अर्थ दोघांसाठी एक नसतो. पहिल्याच्या लेखी ती चार-पाच वर्षांतून एकदा करावयाची खरेदी आहे. दुसऱ्याच्या लेखी तो पोटाचा आणि उत्पादनसाधनाचा प्रश्न आहे. सुताराला रंधा, विणकराला धोटा, तसा टॅक्सीचालकाला टायर. फरक इतकाच, की रंध्याची धार गेली तर लाकूड बिघडते. टायरची नक्षी गेली तर माणसे दगावतात.

मोटारीच्या टायरची चर्चा समाजवादी साप्ताहिकात कशासाठी, असे काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना वाटेल. मोटार म्हणजे चैन, ही समजूत एके काळी रास्त होती. आज मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत हजारो तरुण कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर संसार चालवीत आहेत. त्यांना कोणी कामगार म्हणत नाही, कारण गाडी कागदोपत्री त्यांच्या नावावर असते. आणि मालक म्हणावे, तर भाडे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हाती नसतो. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे भाडे सरकारी प्राधिकरण ठरविते आणि ते ठरविताना इंधनाबरोबर गाडीच्या देखभालीचा खर्चही निदान हिशेबात धरला जातो. मोबाइलवरून गिऱ्हाईक देणाऱ्या कंपन्यांच्या व्यवहारात भाडे कंपनीचे आणि टायर चालकाचा, अशी सरळ वाटणी आहे. या वर्गाला संघटित करू इच्छिणाऱ्या पक्षाला टायरचे अर्थशास्त्र ठाऊक नसेल, तर चालकांच्या सभेत त्याला घोषणांपलीकडे सांगण्यासारखे फारसे उरणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. योग्य टायर कोणता, याचे बहुतांश उत्तर टायरवरच छापलेले असते. मात्र ते वाचावयास कोणी शिकवीत नाही. टॅक्सी म्हणून चालणाऱ्या अनेक लहान गाड्यांच्या टायरवर '१६५/८० आर १४ ८५ टी' असा मजकूर आढळतो. १६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजेच १३२ मिलिमीटर. 'आर' हे अक्षर रेडियल बांधणीचे आणि १४ हा आकडा रिमच्या इंचांतील व्यासाचा. ८५ या सांकेतिक क्रमांकाचा अर्थ असा, की तो एक टायर ५१५ किलो भार पेलू शकतो. आणि 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटर ही त्याची वेगमर्यादा. या दोन शेवटच्या खुणांकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि नेमकी तेथेच फसगत होते. माप तेच, पण भाराचा क्रमांक कमी, असा टायर थोडा स्वस्त मिळतो. गाडीच्या डिकीत गॅसची टाकी, टपावर कॅरिअर, आत पाच माणसे आणि त्यांचे सामान, अशा अवस्थेत कसारा घाट चढणाऱ्या गाडीला ही काटकसर परवडणारी नाही.

दुकानात मूळ मापाचा टायर शिल्लक नसला की "जवळपासचे" माप गळ्यात मारले जाते. वरील टायरच्या जागी १७५/७० आर १४ बसवला, तर तो रुंदीने मोठा असूनही उंचीने सुमारे दोन सेंटिमीटर कमी भरतो. गाडी रस्त्यापासून सुमारे एक सेंटिमीटर खाली येते आणि वेग व अंतर दाखविणारे काटे सुमारे तीन टक्क्यांनी जास्त आकडा दाखवू लागतात. दिसण्यासाठी रुंद टायर लावणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की गाडी ओढण्यासाठी लागणारे जादा इंधन त्यांच्याच खिशातून जाते. चालकाच्या बाजूच्या दारालगत गाडीच्या कारखान्याने लावलेली पट्टी असते. त्यावर माप आणि हवेचा दाब दोन्ही दिलेले असतात. भरलेल्या गाडीसाठी दाब वेगळा लिहिलेला असतो. हवा कमी असलेला टायर बाजूंनी सतत दुमडतो, तापतो आणि उन्हाळ्यात भर वेगात फुटतो. हवा टायर थंड असताना मोजावी, हे पंपावरचा पोरगाही जाणतो. घाईत असलेले मालकच ते विसरतात. नायट्रोजनसाठी पैसे मोजणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतोच.

तिसरी खूण चार आकड्यांची. '२३२४' असा आकडा असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. रबर वापराविनाही वयाने कडक होते. त्यामुळे दोन-तीन वर्षे गोदामात पडून राहिलेला 'नवा' टायर सवलतीत मिळाला, तर त्या सवलतीचे कारण आधी विचारले पाहिजे. जुन्या बाजारातून घेतलेल्या टायरची तर जन्मतारीख कळते, चरित्र कळत नाही. तो कोणत्या खड्ड्यात आपटला, किती दिवस कमी हवेवर धावला, हे पॉलिश केलेल्या काळ्या रंगावरून समजत नाही.

हे सारे ज्ञान चालकाला नसते, असे मानणे हा शिकलेल्यांचा अहंकार आहे. गाडी चालवून हात झिजलेल्या माणसाला टायर कळतो. मग तो जुना टायर का घेतो? याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, चांगला टायर ४,००० रुपयांचा असून ४० हजार किलोमीटर चालतो आणि हलका टायर ३,००० रुपयांचा असून २५ हजार किलोमीटर चालतो. चार टायरांचा खर्च पहिल्या बाबतीत किलोमीटरमागे ४० पैसे पडतो, दुसऱ्या बाबतीत ४८ पैसे. स्वस्त टायर महाग पडतो, हे चालकालाही ठाऊक असते. परंतु त्या दिवशी त्याच्या हाती १६ हजार नसतात, १२ हजारही नसतात. गाडीचा हप्ता पाच तारखेला आणि मुलाची फी दहा तारखेला असते. म्हणून तो एकच टायर बदलतो, तोही जुना, आणि उरलेले तीन पावसाळ्यापर्यंत ढकलतो. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला किलोमीटर स्वस्त पडतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला तोच किलोमीटर महाग पडतो. निवडीच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी या आठ पैशांचा हिशेब कधी मांडलेला नाही.

आता विकणाऱ्यांकडे वळू. मोटारीचा कारखाना हजारोंच्या संख्येने टायर घेतो आणि म्हणून भाव पाडून घेतो. तेच टायर झिजल्यावर बदलीच्या बाजारात गिऱ्हाईक एकटे असते आणि समोर मूठभर कंपन्या असतात. या मूठभरांच्या वर्तनाविषयी एक प्रकरण नोंदण्याजोगे आहे. टायर विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या चौकशीत भारतीय स्पर्धा आयोगाने ३१ ऑगस्ट २०१८ रोजी पाच मोठ्या कंपन्यांना एकूण १,७८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २०११-१२ या काळात उत्पादकांच्या संघटनेमार्फत भावविषयक माहितीची देवाणघेवाण करून त्यांनी एकत्रितपणे किमती वाढविल्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कोर्टकज्ज्यांमुळे हा आदेश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने तो फेरविचारासाठी परत पाठविला. म्हणजे २०१८ चा आदेश जसाच्या तसा टिकला नाही. शिवाय तो ट्रक व बसच्या बदलीच्या टायरांविषयी होता, मोटारीच्या नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ट्रकचालकाच्या टायरचा भाव ठरविणारे हात आणि टॅक्सीचालकाच्या टायरचा भाव ठरविणारे हात फार वेगळे नाहीत.

याच काळातील केरळच्या रबर उत्पादकाची अवस्था शेजारी ठेवून पाहावी. २०११ मध्ये किलोला दोनशे रुपयांच्या वर गेलेला नैसर्गिक रबराचा भाव २०१६ च्या सुरुवातीस शंभराच्या आसपास कोसळला. टायरमध्ये केवळ नैसर्गिक रबर नसते. कृत्रिम रबर, काजळी, नायलॉन, पोलाद हेही असते. त्यामुळे टायरचा भाव निम्मा व्हावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तरीही शेतकऱ्याचे नुकसान झाले त्या प्रमाणात चालकाचा फायदा झाला, असे अनुभवास आले नाही. मधली रक्कम कोठे मुरते, हा प्रश्न जुना आहे. १९८३ साली बॉम्बे टायर इंटरनॅशनल या कंपनीच्या गाजलेल्या खटल्यात उत्पादनशुल्क केवळ उत्पादनखर्च व त्यावरील नफा यांवरच आकारावे, जाहिरात-विक्रीचा खर्च त्यात धरू नये, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. कायद्याची बाजू काहीही असो. कारखान्यातून निघणारा टायर आणि दुकानात विकला जाणारा टायर यांच्या किमतींत दखल घेण्याजोगे अंतर असते, ही गोष्ट त्या खटल्याने कंपनीच्याच तोंडून वदवून घेतली.

सरकारची भूमिका दुटप्पी राहिली आहे. वस्तू व सेवा कर आला तेव्हा टायरला २८ टक्क्यांच्या सर्वोच्च टप्प्यात बसविण्यात आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर १८ टक्के झाला. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आले. देशी उद्योगाला संरक्षण देण्यास समाजवाद्यांचा तात्त्विक विरोध असण्याचे कारण नाही. भांडुप, चाकण किंवा गोव्यातील उसगाव येथे टायर बनविणारे हातही कामगारांचेच आहेत. मात्र संरक्षण द्यावयाचे आणि भावावर नजर ठेवावयाची नाही, याला मक्तेदारीचे पालनपोषण म्हणतात. दुसरीकडे, नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की नियमभंग होतो आणि शिक्षा चालकाला होते. २०२३ साली समृद्धी महामार्गावर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्यात आल्या. तपासणी योग्यच होती. पण परत पाठविलेली गाडी काही घरी जात नाही; ती त्याच टायरांवर जुन्या रस्त्याने निघून जाते.

तेव्हा चालकांच्या संघटनांनी मोर्च्यांच्या जोडीला तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, एकत्रित खरेदीचे. एका तालुक्यातील शंभर चालकांनी मिळून चारशे टायरांची मागणी नोंदविली, तर वितरकाशी बोलण्याची भाषाच बदलते. दुसरे, पतसंस्थांकडून टायरसाठी लहान मुदतीचे, रोजच्या भरण्याचे कर्ज मिळवून देण्याचे. महाराष्ट्रातील पतसंस्था सोने तारण ठेवून कर्ज देतात, टीव्हीसाठी देतात. उत्पन्न मिळवून देणाऱ्या टायरसाठी देण्यास त्यांनी का कचरावे? तिसरे, स्टँडवर खोली मोजण्याची पट्टी आणि हवेचा खात्रीचा मापक ठेवण्याचे. दोहोंचा मिळून खर्च एका फ्लेक्सपेक्षा कमी येईल. येथे एक कटू गोष्ट सांगावीच लागते. पक्षाच्या अनेक जिल्हा कार्यालयांतील जीपची स्टेपनी वर्षानुवर्षे गोटा झालेली असते, आणि दौऱ्याचा निधी मात्र फलकांवर खर्च होतो. कार्यकर्त्यांनी प्रारंभ तेथून करावयास हरकत नाही.

दोनच नवे टायर घेण्याची ऐपत असेल, तर ते मागे बसवावेत. पुष्कळ गॅरेजवाले पुढे बसवितात, कारण स्टिअरिंग हलके वाटते आणि गिऱ्हाईक खूश होते. परंतु ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर चालकाला ते हातात जाणवते आणि वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि विचार करावयास अवसर मिळत नाही. एका आसावर दोन वेगळ्या जातीचे टायर तर मुळीच नकोत. ही सारी तपासणी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी. जूनच्या पहिल्या सरीनंतर दुकानांत गर्दी होते, हवे ते माप संपते आणि मग "जवळपासचे" टायर पुन्हा बाहेर निघतात.