जड मशीन, घरची गाडी आणि शागिर्दाचा हात

शिलाईचे मशीन घ्यायला आमचा छोटा कारखानदार बाजारात जातो, तेव्हा टेम्पोचे भाडे वाचावे म्हणून घरची गाडीच नेतो. मशीनचे हेड मागच्या सीटवर, मोटर शेजारी आणि उरलेल्या जागेत मशीनवर हात ठेवून बसलेला शागिर्द. बांधायचे का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : "वजनदार माल आहे, हलणार नाही." आमच्या मते हा समज अत्यंत घातक आहे.

वजन वाढले की मालाची पकड वाढते, हे खरे. पण ब्रेक लागताच त्याला पुढे ढकलणारा जोरही तेवढ्याच पटीने वाढतो. म्हणून ज्या ब्रेकला रिकामा खोका घसरतो, त्याच ब्रेकला भरलेला खोकाही घसरतो. फरक एवढाच की रिकामा लागला तर खरचटते, भरलेला लागला तर हाड मोडते.

कारखान्यातील मशीनचे हेड साधारण ३० किलोचे असते. ताशी ६० किलोमीटर वेगातील गाडी कशावर आदळून थांबली, तरी सुटे मशीन त्याच वेगाने पुढे जाते. सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून, पडणाऱ्या वस्तूचा खाली पोहोचताना हाच वेग असतो. तेथून मशीन टाकले तर खाली कोणी उभे राहील काय? मोठ्या धडकेत हा जोर वजनाच्या वीसपटीवरही जातो. सहाशे किलो कोणता हात अडवील?

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागे बसणाऱ्यांच्या सीटबेल्टची चर्चा देशभर झाली. मालालाही पट्टा लागतो, हे मात्र आमच्या बाजारात अजून कोणी बोलत नाही.

काम अवघड नाही. हेड, मोटर आणि टेबल-स्टँड वेगवेगळे करावेत. सर्वांत जड वस्तू डिकीच्या तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवावी. खाली रबरी चटई घालावी. सीटची पाठ खटक्यात नीट बसली आहे ना, हे हलवून पाहावे. मागे कोणी बसणार नसेल तर तेथील सीटबेल्ट रिकामेच लावून टाकावेत, म्हणजे पाठीला आधार मिळतो. डिकीत लोखंडी कड्या असतील तर त्यांतून रॅचेटचे दोन पट्टे आडवेतिडवे ओढावेत, धारदार कोपऱ्यावर गोणपाट ठेवावे. सुतळी कोपऱ्यावर कापली जाते, नायलॉनची दोरी ताणून सैल पडते. दाराच्या किंवा प्लास्टिकच्या मुठीला काहीही बांधू नये. कड्या नसतील तर हेड पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवण्याच्या खोलगट जागेत घट्ट बसवावे. चार-पाच किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत.

गाडी किती वजन सोसते हे तिच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि त्यात बसलेल्या माणसांचे वजनही धरलेले असते. माल त्यापुढे गेला तर टेम्पोच करावा. गॅसचे सिलिंडर तर बंद गाडीत नेऊच नयेत.

दुकानदार बांधवांनाही आमचे सांगणे आहे. हजारोंचे मशीन विकताना दोन पट्टे बिलात लावा, आणि माल बांधल्याशिवाय गिऱ्हाइकाची गाडी दुकानासमोरून हलू देऊ नका. यात गिऱ्हाईक तुटणार नाही, जोडलेच जाईल.

टेम्पोचे भाडे वाचले तर चांगलेच. पण कारागिराचे भांडवल त्याचे हात आहेत. शागिर्दाचे हात शिलाई शिकण्यासाठी आहेत, माल अडवून धरण्यासाठी नव्हेत.