लपवण्यासारखं आहे काय?

संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होतो की 'एचटीटीपीएस'ने, याकडे आपण बायका सहसा पाहत नाही. शेवटच्या त्या 'एस'बद्दल मी शिबिरात बोलते तेव्हा हमखास प्रश्न येतो, "आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटतो. सुनेच्या माहेरचं पत्र आधी सासऱ्यांनी फोडायचं आणि मग तिच्या हाती द्यायचं, या रीतीचं समर्थनही याच शब्दांत होत असे.

'एस' नसलेलं पान म्हणजे पोस्टकार्ड. ते वाटेत अनेक हातांतून जातं. घरातलं किंवा हॉटेलातलं वाय-फाय, मोबाइल कंपनी, त्यापुढची यंत्रणा. वाटेतला कुणीही ते वाचू शकतो, त्यात भर घालू शकतो. 'एस' असला की आपला फोन आणि पलीकडचा संगणक आपसात एक किल्ली ठरवतात, ती वाटेतल्याला मिळत नाही. मजकूर बंद होऊन जातो आणि कुणी त्यात ढवळाढवळ केली तर ती पकडली जाते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१० साली 'फायरशीप' नावाचं एक साधन निघालं. बनवणाऱ्याला धोकाच दाखवून द्यायचा होता. उघड्या वाय-फायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या फेसबुक खात्यात, पासवर्ड ठाऊक नसताना, त्यातून सहज शिरता येई. २०११च्या जानेवारीत ट्युनिशियात आंदोलन पेटलेलं असताना फेसबुकच्या लॉगिनच्या पानात वाटेतच परका कोड घुसवून लोकांचे पासवर्ड चोरले गेले. आपल्याकडे २०१५ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून जाणाऱ्या पानांत ग्राहकांच्या नकळत कोड घातला जात असल्याचं उघडकीला आलं.

अर्थात 'एस'ने सगळंच झाकलं जात नाही. कुठल्या संकेतस्थळावर गेलात ते वाटेतल्या कंपनीला बहुधा कळतं. तिथे काय वाचलंत, काय लिहिलंत ते कळत नाही. फोनच नवऱ्याच्या हातात असेल तर या कुलपाचा उपयोग नाही. आणि फसवणाऱ्यांनाही 'एस' मिळतो! पत्र वाटेत सुरक्षित राहिलं म्हणजे घेणारा भला आहे, असं नव्हे.

तरीही प्रत्येकीने याचा आग्रह धरावा असं मला वाटतं, आणि तो स्वतःपुरता नव्हे. सल्लाकेंद्रात येणारी बाई गर्भपाताचा कायदा शोधते, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आपल्याला राहत्या घरातून काढता येतं का ते पाहते. पाकीट फक्त तिचंच बंद असेल तर तेवढंच नजरेत भरेल. पाककृती, गाड्यांचं वेळापत्रक, मुलांचे निकाल, सगळंच बंद पाकिटातून जाऊ लागलं की तिचं पाकीट वेगळं ओळखू येत नाही. रात्रीच्या रस्त्याचंही असंच नाही का? चारजणी हिंडत असल्या की पाचवीकडे कुणी वळून पाहत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. हक्क बजावायला कारण द्यावं लागत नाही.

आता आपल्याच संस्थांविषयी. पीडित बाईचं नाव, पत्ता, मोबाइल आणि तक्रार भरून घेणारं संकेतस्थळ, आणि त्याला 'एस' नाही, असं मी गेल्या वर्षीही पाहिलं. क्रोम ब्राउझर २०१८पासून अशा पानावर 'नॉट सिक्युअर' असा शेरा मारतो, तेव्हा तपासायला तज्ज्ञ लागत नाही. खर्चाची सबबही चालणार नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा तत्त्वावरची सेवा २०१५च्या अखेरीपासून फुकट देते. त्याची मुदत थोडी असते, पण नूतनीकरण आपोआप होण्याची सोय करता येते. तुमचं संकेतस्थळ सांभाळणारा या प्रमाणपत्राचे दरवर्षी पैसे लावत असेल, तर ते नेमके कशाचे, हे पुढच्या बैठकीत त्याला विचारा.