सापाची मावशी

बागेत पाचोळा सळसळतो. तपकिरी, तुळतुळीत अंगाचे काहीतरी सर्रकन कुंडीमागे जाते आणि घरात एकच ओरडा होतो, 'साप! साप!' काठी घेऊन धावणाऱ्याने जरा निरखून पाहिले, तर चार इवलेसे पाय दिसतील. ती असते बिचारी सापसुरळी.

मराठीत तिला सापाची मावशी म्हणतात. बंगळुरूच्या बागांतूनही ती दिसते. कन्नडमध्ये ती 'हावुराणी', म्हणजे सापांची राणी. केरळात तिचे नाव 'अरणा'. ती चावली की तत्काळ मरण, अशी तिथली समजूत. पण चावायचे आहे हेच ती ऐनवेळी विसरते, असेही तिथले लोक सांगतात! खरे तर सापसुरळीला मुळी विषच नसते. रातकिडे, नाकतोडे, कोळी हे तिचे खाणे. शत्रूने धरलेच, तर वळवळती शेपटी मागे टाकून ती पळते; पुढे नवी शेपटी फुटते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या सापसुरळ्यांच्या जनुकांचा अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार, त्यांचे पूर्वज आग्नेय आशियातून भारतात आले आणि इथे त्यांच्या अनेक जाती घडल्या.

एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या या प्राण्याला आज एक रस्ता ओलांडणे जड जाते. ओडिशातील चिलिका सरोवरात बरकुडा नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या एका बिनपायांच्या सापसुरळीची नोंद १९१७ साली नेल्सन ॲनन्डेल यांनी केली. बेटावरच्या अशा जिवाला दुसरीकडे जायला वाव नसतो. शहरातली बाग हेही एक बेटच; भोवती पाण्याऐवजी डांबर आणि सिमेंट. तिथला पाचोळा झाडून पेटवला, की सापसुरळीचा निवारा, अन्न आणि अंडी घालायची ओलसर जागा, तिन्ही एकदम जातात.

म्हणून बागेच्या एका कोपऱ्यात तरी पाचोळा राहू द्यावा. त्याचे खतही होते. ओळख पटेपर्यंत हात लावू नये, पण काठीही उगारू नये. मुलांना जवळ घेऊन दुरूनच ती दाखवावी. भीती घालवायला तेवढे पुरते.