प्रयोगशाळेतील शेजारधर्म

बारावीच्या रसायनशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकास असतात. लेखी परीक्षेसाठी घरोघरी रात्री जागवल्या जातात. प्रात्यक्षिकाविषयी मात्र 'त्याचे काय, ते गुण मिळतातच' असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. हे स्वास्थ्य आमच्या मते घातक होय.

बुऱ्हाणपूर परिसरातील आपल्या मुलांची अडचण दुहेरी आहे. घरी ती मराठी बोलतात. शाळेत शिकवणे हिंदीतून वा इंग्रजीतून होते. आपला क्षार तेथे 'लवण' होतो आणि चुन्याची निवळी 'चूने का पानी' होते. त्यातून एखादा मुलगा अशा शाळेतून आला असेल, की जेथे ब्युरेट कधी कपाटाबाहेर आलीच नाही, तर परीक्षकांपुढे त्याचा हात कापणारच. अशा वेळी गुरुजींच्या खालोखाल त्याला आधार कोणाचा? शेजारच्या सोबत्याचा.

पण साहाय्य दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात सोबती कानाशी लागून सांगतो, 'तुझ्या पुडीत नायट्रेट आहे.' मुलगा तपकिरी वलयाची परीक्षा वहीत लिहून मोकळा होतो. परीक्षक विचारतात, 'बाळ, आम्ल नळीच्या कडेने हळूच का सोडतात?' उत्तर नाही. संहत गंधकाम्ल जड असल्याने तळाशी जाते, दोन द्रवांच्या सीमेवर वलय उमटते, आणि नळी हलवली तर ते नाहीसे होते. हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नाही, त्याला नाव कळूनही काही कळले नाही. असे साहाय्य करणारा सोबत्याचे गुण वाढवत नाही, त्याची शिकण्याची संधी हिरावून घेतो.

दुसरा प्रकार खऱ्या शेजारधर्माचा. येथे सोबती उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारतो. परीक्षेपूर्वी दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने निरीक्षणे सांगावीत: विरल आम्ल घालताच बुडबुडे आले, वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली, ज्योत विटकरी तांबडी दिसली. दुसऱ्याने कॅल्शियम कार्बोनेट ओळखावे, आणि कशावरून ओळखले तेही सांगावे. मग पाळी बदलावी. अनुमापनाच्या सरावात ब्युरेटचे वाचन दोघांनी निरनिराळे घ्यावे व मगच ताडून पाहावे. परमँगनेट गडद असल्याने त्याची वरची कडा वाचावयाची, ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे, हे एक विसरला तर दुसऱ्याने विचारावे. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कदापि नव्हे, हे मात्र न विचारताच सांगावे.

प्रयोगशाळा बंद असली तरी स्वयंपाकघर उघडे असते. आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारी कालव्यांच्या भिंतींवर जे पांढरे थर साचले आहेत, ते चुन्याच्या क्षाराचे. त्या सतराव्या शतकातील ठेव्याला हात लावू नये. तोच पदार्थ अंड्याच्या कवचात आहे. त्यावर व्हिनेगर घाला, बुडबुडे दिसतील. पानाचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी अलगद काढा आणि नळीने तीत श्वास सोडा (ओढू मात्र नका). ती दुधाळ होईल.

मुलांनी मुलांस शिकवावे, ही रीत नवी नव्हे. १७८९ साली मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार हाती घेतलेल्या अँड्र्यू बेल यांनी जाणत्या मुलांकडून नेणत्यांस शिकवले. १७९७ साली त्यांनी तो वृत्तान्त लंडनला प्रसिद्ध केला, आणि पुढे इंग्लंडातील कित्येक शाळांनी ही मद्रासची रीत उचलली.

काही पालकांस भीती वाटते, की आपल्या मुलाने दुसऱ्यास शिकवले तर तो दुसरा पुढे जाईल. परीक्षेतील गुण म्हणजे एका परातीतील भाकरी नव्हेत, की एकाने जास्त घेतली तर दुसऱ्यास कमी पडावी. उलट, समजावून सांगताना जेथे जीभ अडखळते, तेथेच आपले ज्ञान कच्चे आहे हे शिकवणाऱ्यास उमगते. म्हणून पालकांस आमची विनंती अशी, की परीक्षेपूर्वीच्या एखाद्या रविवारी दुपारी आपल्या घरातील एक खोली या मुलांस मोकळी करून द्यावी. मुलींसही तेथे जागा असावी. त्यांस बाहेर जाण्यास अडचण असेल, तर मैत्रिणींनाच आपल्या घरी बोलवावे. आणि जो मुलगा लांबच्या गावाहून येतो व ज्याची कोणाशी फारशी ओळख नाही, त्यास पहिले बोलावणे जावे.