सड्यावर पाऊल जपून

सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो, निदान मोबाइल तरी. हे चांगलंच आहे. फोटो काढणारा माणूस खाली वाकतो आणि वाकल्याशिवाय कासची निम्मी फुलं दिसतच नाहीत. तक्रार आहे ती पायवाट सोडून फुलांच्या गालिच्यातच आडवं होण्याची.

२०१२ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेलेलं हे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. त्यावर मातीचा थर जेमतेम, नत्रही तुटपुंजं. ही उणीव इथल्या काही वनस्पती कीटक खाऊन भरून काढतात. ‘दवबिंदू’ पानांवरच्या चिकट केसांनी किडे धरतो. ‘सीतेची आसवं’ या निळ्या-जांभळ्या फुलांच्या झाडाचे सापळे मात्र ओल्या मातीत दडलेले असतात, टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्यांचे. फुलाला बोटही न लावता शेजारी गुडघा टेकला, तरी त्याचं खाण्याचं साधनच चिरडलं जातं. आणि पाऊस सरायच्या आत त्याला बी धरायचं असतं.

पक्ष्यांचं दुखणं याहून मोठं आहे. चंडोल जमिनीवरच घरटं करतो; टिटवीची अंडी तर उघड्यावर, खड्यांत खडे दिसावेत अशी. झुडपातलं घरटं नीट दिसावं म्हणून पुढच्या डहाळ्या छाटल्या की आडोसा जातो, पिलांवर ऊन येतं आणि कावळ्याला वाट मोकळी होते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवला की हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पक्षी चारा शोधणं सोडून धावत येतो. फोटो झकास मिळतो, पिलं उपाशी राहतात. याला छंद कसं म्हणायचं?

खरं तर साध्या फोटोची किंमत फार मोठी आहे. फुलाबरोबर पान, खोड आणि पाकळ्यांची मागची बाजू टिपली तर अभ्यासकाला ओळख पटवता येते. तारीख आणि जागा नोंदवून ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘ईबर्ड’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकलेला धूसर फोटोही त्या जातीच्या वावराचा पुरावा ठरतो. धोक्यातल्या काही पक्ष्यांची नेमकी जागा ‘ईबर्ड’ स्वतःच लपवून ठेवतं. ओळखीच्या ग्रुपवर घरट्याचा पत्ता वाटणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यायला काय हरकत आहे?

सुधारणेची सुरुवात बक्षिसं देणाऱ्यांनी करावी. गावोगावचे कॅमेरा क्लब आणि निसर्ग मंडळं प्रदर्शनं भरवतात, स्पर्धा घेतात. घरट्याचा फोटो नको, आवाज वाजवून बोलावलेला पक्षी नको, एवढी अट त्यांनी प्रवेशिकेवरच छापावी. काही स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणं केव्हाच बंद केलं आहे. बाकीच्यांनी येत्या हंगामापासून तरी ते करावं.