आत काही ठेवू नका

पत्र आणि पार्सल यांतला फरक आमच्या गावच्या पोस्टमनला कळत असे. तो सातवी पास होता. माझ्या लॅपटॉपमधल्या ई-मेलच्या प्रोग्रॅमला तो कळत नव्हता, आणि तो बनवणारे सगळे इंजिनियर असणार.

वर्षातले चार-पाच महिने मी आणि सौ. रत्नागिरीजवळच्या घरी असतो. तिथं आंबे आहेत, फणस आहेत, साप आहेत. रेंज तेवढी नाही. ती विहिरीच्या जांभ्याच्या कठड्यावर मिळते, तीसुद्धा पश्चिमेला तोंड केलं तर. संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन तिथं उभा राहतो तेव्हा शेजारच्या काकू कौतुकानं म्हणतात, "हल्ली संध्या चुकत नाही हो यांची!"

यावर पुतण्यानं तोडगा काढून दिला. कठड्यावर जायचं, सर्व्हरवरच्या पत्रांची प्रत लॅपटॉपवर उतरवायची, आणि मग ओटीवर बसून इंटरनेटशिवाय निवांत वाचायची. उत्तरं लिहून ठेवली की दुसऱ्या दिवशी कठड्यावरून ती सुटतात. याला 'सिंक' म्हणतात. सौ.ला आधी ते स्वयंपाकघरातलं सिंक वाटलं. तुंबण्याच्या बाबतीत फारसा फरक नाही, हे मला नंतर कळलं.

गेल्या फेब्रुवारीत ते तुंबलं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस पाठवली होती : रविवारी पाण्याची टाकी धुणार, सकाळी पाणी नाही. झालं, एवढंच. पण ही नोटीस त्यांनी आधी कॉम्प्युटरवर टाइप केली, मग कागदावर छापली, सही केली, शिक्का मारला, तो कागद रंगीत स्कॅन केला आणि सोबत टाकीच्या 'सद्यस्थिती'चे सहा फोटो जोडले. एकूण 18 एमबी. वाटेत ते 24 एमबी झाले. कारण ई-मेल मुळात साध्या अक्षरांसाठी जन्मली. तिच्यातून चित्र पाठवायचं तर त्याची आधी अक्षरं करावी लागतात, आणि त्या बेस-64 नावाच्या रीतीत दर 3 बाइटांची 4 अक्षरं होतात. म्हणजे पार्सलपेक्षा पॅकिंगचंच कौतुक. सोसायटीत बिऱ्हाडं 64. गुणाकार करून पाहा, टाकीत पाणी नसल्याची बातमी दीड जीबीची झाली!

(1992च्या मार्चमध्ये नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन या गृहस्थांनी आजच्या पद्धतीची पहिली जोडपत्रं पाठवली, तेव्हा त्यात त्यांच्या चौघांच्या गायनमंडळाचा फोटो आणि गाणं होतं. गाण्यापासून निघालेली गोष्ट टाकीत पडली ती अशी.)

आता कठड्यावरचा हिशेब. तिथं वेग सेकंदाला 200 किलोबिट, तोही देवाची कृपा असेल तर. 24 एमबीला सोळा मिनिटं लागतात. रेंज टिकते दहा मिनिटं. ती तुटली की प्रोग्रॅम तेच पत्र पुन्हा पहिल्यापासून उचलणार. तीन संध्याकाळी मी टाकीचे फोटो ओढत डास मारत उभा होतो. आणि आधी आलं ते आधी घ्यायचं, या न्यायानं बाकीची पत्रं नोटिशीच्या मागे रांगेत.

त्या रांगेत मास्तरचं पत्र होतं. मास्तर म्हणजे माझा शाळेतला बाकसोबती. आता त्याला ऐकू येत नाही, म्हणून फोन नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपला तो 'चावडी' म्हणतो, म्हणून तेही नाही. पत्र दोन ओळींचं : "गुरुवारी मांडवी एक्स्प्रेसनं मुलीकडे गोव्याला चाललोय. रत्नागिरीला गाडी थांबते, फलाटावर ये, चहा पाजतो." आमची गाठ पडून अकरा वर्षं झाली होती. वजन जेमतेम 5 केबी, कठड्यावरच्या त्या वेगानंही पाव सेकंदाचं काम. मला ते मिळालं शुक्रवारी, रत्नागिरीच्या बाजारात.

पुतण्याला फोन करून मी जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. त्याचं उत्तर मात्र छापतो. "काका, आता 5जी आलंय. जागेलाही तोटा नाही. गाळायचं कशाला?" शहरातल्या प्रत्येक हुशार माणसाचं हेच म्हणणं असतं. नळाला चोवीस तास पाणी असलं की विहिरीवरच्या रांगेचं दुःख कळत नाही. अरे, प्रश्न जागेचा नाही, रांगेचा आहे! आणि संताप कशाचा, तर प्रोग्रॅमला सगळं आधीच ठाऊक असतं याचा. सर्व्हरशी तो ज्या आयमॅप नावाच्या बोलीत बोलतो, तिच्यात पत्र उचलण्याआधी त्याचं वजन विचारायची सोय आहे. मालक म्हातारा, रस्ता चिखलाचा, पोतं दोन मणांचं, हे सगळं कळूनही जो हमाल खिशातलं पत्र नंतर देईन म्हणतो, त्याला काय म्हणावं?

बरं, उपाय अवघड आहे का? थंडरबर्ड या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमात 'अमुक केबीपेक्षा मोठे संदेश उतरवू नका' अशी एक चौकटच आहे. माझ्या प्रोग्रॅमातही तसंच काहीसं निघालं, सेटिंगच्या चौथ्या पानावर. मोठं पत्र फेकलं जात नाही. ते सर्व्हरवरच राहतं, आणि कुणाकडून, कशाबद्दल, किती वजनाचं, एवढी वर्दी आपल्याला मिळते. हवं तर उतरवा. "एखादा दवाखान्याचा रिपोर्ट अडकला तर?" असं सौ.नं विचारलं, आणि तिचा मुद्दा खरा आहे. ओटीवर बसून तो रिपोर्ट उघडणार नाही. पण तो आलाय हे तरी कळेल. माझी तक्रार एवढीच, की ही चौकट आपण शोधून तिच्यावर खूण करायची. ती खूण जन्मतःच असायला हवी. आपल्या निळ्या अंतर्देशीय पत्रावर 'आत काही ठेवू नका' असं छापलेलं असे. ते वाचायला कुणाला चौथ्या पानावर जावं लागलं नाही. तारेत तर शब्दागणिक पैसे पडत. 2013च्या जुलैत तार बंद झाली आणि सेक्रेटरींसारख्या माणसांना कुणी विचारणारंच उरलं नाही.

मी आकडा घातला 50 केबी. पहिल्या संध्याकाळी चाळीस पत्रं मिनिटाच्या आत आली. डास चावायचे राहिले. टाकीची दुसरी नोटीस ('धुऊन झाली', फोटोंसह) नुसती वर्दी देऊन सर्व्हरवर बसली आहे. बसू दे.

त्याच यादीत मास्तरचंही एक पत्र अडलेलं दिसलं. विषय : 'गधड्या, हे बघ'. वजन 9 एमबी. म्हणजे सहा मिनिटं. मी सौ.ला बॅटरी धरायला बोलावलं, पश्चिमेला तोंड केलं आणि ते स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं. रत्नागिरीच्या फलाटाचा फोटो होता. बाकावर चहाचे दोन कप, एक भरलेला.